राज्य कुणावर?

विटीदांडूचा डाव चाललाय. टोला बसला, झेल सुटला, विटी लांब जाऊन पडली. आता खळगीपासून विटीपर्यंतचं अंतर दांडूनं मोजायचं. मोजणारा पोरगा एक, दोन, तीन म्हणत नाही. तो म्हणतो वकट, लेंड, मूंड, नाल. त्यापुढं गावागणिक पाठभेद आहेत. कुठं आर, कुठं वई, कुठं डोळा; शेवटी बहुतेक ठिकाणी झकू. मोजणी ज्या नावावर थांबेल त्यावरून पुढचा टोला ठरतो, म्हणजे विटी पायावर ठेवायची, मुठीवर की डोळ्यावर. या शब्दांचा अर्थ काय, असं पोरांना विचारलं तर ती आपल्याकडंच विचित्र नजरेनं बघतात. वकटनंतर लेंड येतं एवढं ठाऊक असलं की खेळता येतं. अर्थाची गरज कुणाला?

पुण्याच्या किंवा कोकणातल्या माणसाला हे निव्वळ खेळातले बोल वाटतील. पण नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद, बिलोली, देगलूरच्या बाजारात उभं राहिलं, तर त्यांचे सख्खे भाऊ भाजीचा भाव करताना ऐकू येतात. तेलुगूत एक म्हणजे ओकटि. बोलताना आधी वकाराची छटा लागून ते वोकटि होतं. दोन म्हणजे रेंडु, तीन मूडु, चार नालुगु, सहा आरु. रेंडुमधल्या र चा ल झाला की लेंड तयार. विटीदांडूच्या मोजणीत मराठी पोरं पिढ्यान् पिढ्या तेलुगू आकडे म्हणत आली आहेत.

हे आकडे तेलुगूच कशावरून? कन्नड का नाहीत? लातूर जिल्ह्यातल्या उदगीर, देवणी, निलंगा या तालुक्यांना बीदर चिकटून आहे, तिथं कानावर कन्नड पडतं. पण कन्नडात एक म्हणजे ओंदु, दोन एरडु, तीन मूरु. त्यातून वकट निघत नाही, मूंडही निघत नाही. मूंडची गंमत तर आणखी पुढची आहे. आजच्या तेलुगूत तीन म्हणजे मूडु, त्यात अनुस्वार नाही. जुन्या तेलुगूत मात्र तिथं अनुनासिक उच्चार होता आणि तो दाखवायला अरसुन्ना नावाचं अर्ध्या वर्तुळासारखं चिन्ह लिहीत. बोलणाऱ्यांच्या तोंडून तो नाद पुढं गळून गेला. आपल्या मैदानावरच्या मूंडमध्ये तो अजून घुमतोय. लेंडच्या जोडीनं म्हणता म्हणता मूडचं मूंड झालं असेल, अशी शंका कुणी काढू शकेल, आणि ती रास्त आहे. पण तेलुगूनं टाकलेला नाद मराठी पोरांनी सांभाळला, ही शक्यता मला अधिक आवडते, कारण शब्द सांभाळण्याच्या कामात पोरं मोठ्या माणसांपेक्षा चिवट असतात. ते कसं, हेच इथं सांगायचं आहे.

हे आकडे महाराष्ट्रभर पोचायला वाटा पुष्कळ होत्या. वडार, पद्मशाली, कोमटी अशा कितीतरी समाजांच्या घरात तेलुगू बोलली जायची आणि ते समाज दगडाच्या, मागाच्या, दुकानाच्या कामानं गावोगाव पसरले. नांदेडच्या किनवट-माहूर भागात तर कोलामी आणि गोंडी या द्राविडी कुळातल्या भाषा आजही घरात बोलतात. निलंग्यात १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी उर्दू-फारसीत मुरलेले इतिहासकार, पण त्यांनी गोंडी आणि कोलामीचाही अभ्यास केला. मराठीच्या द्राविडी नात्यांचा पाठपुरावा करणाऱ्या विश्वनाथ खैरे यांना आपल्या पुस्तकाला नाव हवं होतं तेव्हा त्यांनी तान्ह्या बाळाला खेळवतानाचे बोल उचलले: ‘अडगुलं मडगुलं’. विद्वानांना जे पुरावे पोथ्यांत सापडत नाहीत ते कधी कधी पाळण्यापाशी आणि पटांगणात सापडतात.

आता याच मुलुखातल्या शाळेच्या इमारतीत डोकावू. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत होतं. हैदराबादला १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचंही माध्यम उर्दूच. वर्गाला जमात म्हणत, मुख्याध्यापक म्हणजे सदर मुदर्रिस. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन झाली, १९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. एवढ्या काळात सदर मुदर्रिस जाऊन हेडमास्तर आले, हेडमास्तर जाऊन मुख्याध्यापक आले. जमातीची इयत्ता झाली. सरकारी हुकमानं आलेले शब्द सरकारी हुकमानं गेले, त्यांना जायला एक पिढीसुद्धा लागली नाही.

१९५६ च्या त्या वाटणीत देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कलं, तसंच मुधोळ-भैंसाचा भाग नांदेडातून आंध्रात गेला. किनवट तालुका आदिलाबादेतून इकडं आला. बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके महाराष्ट्राला मिळाले. सीमा भाषेच्या आधारावर आखली होती. शाळेची भाषा बदलली, पाठ्यपुस्तकं बदलली, राष्ट्रपुरुषांची तसबीर बदलली. मधल्या सुट्टीत बाहेर पटांगणात मात्र वकट, लेंड, मूंड जिथल्या तिथं. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, त्यामुळं कुणाला काढताही आलं नाही.

मैदानावरचे शब्द कोण कुणाला शिकवतं? आई-बाप शिकवत नाहीत, गुरुजी तर नाहीतच. सहावीतल्या पोराकडून चौथीतलं पोरगं उचलतं आणि ते सहावीत गेलं की दुसरीतल्याला देतं. मैदानावरची पिढी पाचेक वर्षांची. तुकोबांच्या गाथेत विटूदांडू, चेंडूफळी अशा खेळांवर रचलेले अभंग आहेत. म्हणजे हे खेळ सतराव्या शतकात इतके घरोघरचे होते की अध्यात्म सांगायला उपयोगी पडत. पाच वर्षांची पिढी धरली तर तुकोबांपासून आजवर मैदानावरच्या सत्तरच्या वर पिढ्या झाल्या. इतक्या हातांतून जाताना शब्द झिजून नाहीसा व्हायला हवा होता. झिजला, पण नाहीसा झाला नाही.

इंग्लंडात आयोना आणि पीटर ओपी या दांपत्यानं शाळकरी मुलांच्या बोलीवर १९५९ मध्ये एक मोठा ग्रंथ काढला. सत्तरेक शाळांतल्या सुमारे ५,००० मुलांकडून त्यांनी शब्द, बोल, शपथा, चिडवण्या गोळा केल्या. त्याआधी १९१६ मध्ये नॉर्मन डग्लस यांनी लंडनच्या रस्त्यावरच्या खेळांची यादी छापली होती, ती हे सगळं आता बुडणार या काळजीनं. ओपी दांपत्याला दिसलं ते उलटंच. बुडणार म्हणून ज्यांची नोंद झाली होती त्यातलं पुष्कळ काही तसंच चालू होतं. खेळता खेळता मध्येच थांबायचं असेल, बुटाची नाडी सुटली असेल, तर इंग्रज मुलं एक शब्द ओरडतात. तो शब्द लंडनकडं फेनाइट्स, डरहॅमकडं स्किंच, पश्चिमेकडं बार्ली. मोठ्यांच्या इंग्रजीत या शब्दांना काही अर्थ नाही. पण चौदाव्या शतकातल्या एका काव्यात बार्ले असा शब्द येतो, तो हाच असावा असं ओपी दांपत्याचं मत. उत्तर इंग्लंडात मेंढ्या मोजायचे यान, टान, टेथेरा हे आकडेही असेच. ते वेल्श आकड्यांच्या नात्यातले, आणि ते मुलांच्या राज्य ठरवण्याच्या बोलांतही शिरलेले. त्यांचं यान, टान आणि आपलं वकट, लेंड एका पंगतीत बसायला हरकत नाही. दोन्हीकडं शेजारच्या भाषेतले आकडे, दोन्हीकडं अर्थ सुटलेला.

आपल्याकडं मध्येच थांबायचं असेल तर काय ओरडतात? टाइम प्लीज. घाईत त्याचं टायम्प्लीस होतं. ज्या गावात शाळेच्या बोर्डाखेरीज इंग्रजी कुठं दिसत नव्हती त्या गावातसुद्धा धापा टाकणारं पोरगं हात वर करून इंग्रजीत विनंती करत होतं. विनंती तरी कशाची, हुकूमच तो. टाइम प्लीज म्हटल्यावर त्याला शिवलं तर शिवणारा खोटारडा ठरतो. त्याहून मजेशीर प्रवास डबा ऐसपैसचा. लपलेला गडी दिसला की इंग्रज मुलं ‘आय स्पाय’ म्हणत. हिंदीत त्याचं आइस-पाइस झालं. मराठीत येताना त्याला घरातलाच एक तयार शब्द भेटला. मोकळंढाकळं, प्रशस्त या अर्थाचं ऐसपैस आपल्याकडं होतंच. परका आवाज ओळखीच्या शब्दाच्या अंगरख्यात शिरला आणि कुणाला कळलंही नाही. लपायला जागा शोधणाऱ्या खेळाला ऐसपैस हे नाव शोभतंय की नाही, याचा विचार कुणी केला नाही.

या सगळ्या शब्दांत एक गोष्ट समान आहे. ते नियमाचे शब्द आहेत. भांडण झालं की त्यांच्यावर निकाल लागतो. राज्य कुणावर, बाद कोण, डाव कुणाचा, हे ठरवताना शब्द नेमका लागतो आणि तो सगळ्यांना एकच माहीत असावा लागतो. म्हणून त्यात फॅशन चालत नाही. उदगीरकडं एखादा गडी शिवल्यावरही सटकायला लागला की बाकीचे ओरडतात, ‘आरं कुठं पळूलालास, राज दे की!’ तिथं राजऐवजी कुणी नवा, झोकदार शब्द वापरला तर पळणाऱ्याला सबब मिळेल.

‘राज्य’ हा शब्दच बघा. ज्याच्यावर राज्य येतं त्याला मान नसतो. त्याला सगळ्यांच्या मागं धावायचं असतं, डोळे झाकून आकडे मोजायचे असतात, लपलेल्यांना हुडकायचं असतं. बाकीचे त्याच्यावर हसतात. मोठ्यांच्या जगात राज्य घ्यायला झुंबड, पोरांच्या जगात ते दुसऱ्यावर ढकलायला. ‘बाद’ अरबीतून आला. मूळ अर्थ नंतर, मागाहून. मराठी हिशेबनिसांनी त्याला वजा करण्याच्या कामाला लावलं, अमुक रक्कम बाद. तिथून तो डावात आला. आज पेपरात गडी बाद होतो आणि मैदानावर तोच गडी ‘औट’ असतो. भिडणे या क्रियापदाशी नातं सांगणारा भिडू म्हणजे डावातला आपला जोडीदार. तो मुंबईच्या बोलीत शिरून दोस्त झाला, सिनेमात गेला, आणि २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ यांनी आपलं नाव, आवाज यांच्यासोबत ‘भिडू’ या शब्दाच्याही परवानगीशिवाय केलेल्या वापराविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. पटांगणात ज्याची मालकी कुणाचीच नव्हती तो शब्द कोर्टाच्या कागदावर चढला.

मोठ्यांच्या भाषेत गेल्यावर या शब्दांची काय गत होते याचा आणखी एक नमुना म्हणजे खो. खो-खोत पाठीवर थाप मारून खो दिला की बसलेला गडी उठून सुसाट पळतो. पेपरात मात्र एखाद्या योजनेला खो घातला की ती जागची हलत नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ च्या सुमाराला या खेळाचे नियम लिहून काढले, पण नियम लिहिणाऱ्यांना हा उलटा अर्थ थोपवता आला नाही. ‘लोण’ची गोष्ट याहून बरी. आट्यापाट्यांत सगळ्या पाट्या ओलांडून शेवटाला पोचलेला गडी परत फिरतो तेव्हा तो लोण घेऊन येतो. लोण म्हणजे मीठ. संस्कृतातलं लवण प्राकृतात लोण झालं, लोणचं त्याच घरचं. ‘चळवळीचं लोण खेड्यापाड्यांत पोचलं’ असं आपण लिहितो तेव्हा खरं तर आट्यापाट्यांच्या पाट्यांवरून पळत असतो. कबड्डीच्या नियमपुस्तकात लोण अजून आहे: समोरचा सगळा संघ बाद केला की दोन जादा गुण मिळतात, त्याला लोणा म्हणतात. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीचे समालोचक मात्र ‘ऑल आउट’ म्हणतात. आट्यापाट्या खेळणारे फारसे उरले नाहीत, त्यामुळं लोण या शब्दाला मैदानावर आता फारसा वाली नाही. नियमाचा शब्द असाच मरतो. तो आपण होऊन जुना होत नाही. खेळ गेला की त्याच दिवशी जातो.

दुसऱ्या जातीचे शब्द रुबाबाचे. कुणाला वा म्हणायचं, कुणाची जिरवायची, आपण कसे वरचढ हे दाखवायचं, यासाठी लागणारे. इथं नेमकेपणा लागत नाही, नवेपणा लागतो. झकास हा शब्द जुनाच, झकझकीतच्या गोतावळ्यातला. पण १९८५ च्या ‘युद्ध’ सिनेमात अनिल कपूरनं तो विशिष्ट ढंगानं उच्चारला आणि शाळाशाळांतून तसाच घुमू लागला. मग सॉलिड आलं, भन्नाट आलं, फंडा आला, कल्ला आला. ‘लय भारी’ हे आमच्याकडचं रोजचं बोलणं. बाभळगावच्या रितेश देशमुखांचा त्या नावाचा सिनेमा २०१४ मध्ये आला आणि लातूरच्या पोरांना आपल्या तोंडातला शब्द पोस्टरवर बघायला मिळाला. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला तेव्हा तर त्या उन्हाळ्यात प्रत्येक गोष्ट सैराट झाली. पुढं ‘विषय हार्ड’ आलं, ‘ब्रो’ आला.

यातला कुठलाही शब्द मैदानावर फार टिकला नाही, आणि त्याला मारणारे आपणच. रुबाबाच्या शब्दाचा जीव, तो मोठ्यांना ठाऊक नसण्यात असतो. लग्नाच्या बॅनरवर ‘लय भारी’ छापलं गेलं, साबणाच्या जाहिरातीत झकास आलं, वर्गात सरांनी ‘काय ब्रो, गृहपाठ केला का?’ असं विचारलं, की तो शब्द पोरांच्या लेखी संपला. तो पुढं चाळिशीतल्या माणसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर म्हातारपण काढतो. एखाद्याची शाळा कोणत्या साली सुटली हे ओळखायचं असेल तर दाखल्यापेक्षा त्याचा कौतुकाचा शब्द विचारावा. सॉलिड म्हणणारा आणि कडक म्हणणारा यांच्यात वीस वर्षांचं अंतर सहज निघतं.

यातले काही शब्द शेजारधर्मानंही येतात. नांदेडात मराठी, तेलुगू, दखनी उर्दू आणि गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पंजाबी अशा चार भाषांची पोरं एका बॉलमागं धावतात. दखनीतला ‘नक्को’ आपल्या ‘नको’चाच, आणि ‘हल्लू’ म्हणजे आपलं हळू. मराठीनं दखनीला नकार शिकवला, असं म्हणायला मला फार गोड वाटतं. पण या देवघेवीतही वाटणी दिसते: शिव्या आणि शाबासक्या एकमेकांकडून उचलल्या जातात, डावाचे नियम ज्याच्या मैदानावर खेळतोय त्याच्या भाषेत राहतात.

चिडवण्याचे शब्द या दोहोंच्या मधले. ‘ढ’ हा त्यांचा राजा. अभ्यासात मागं असलेल्या पोराला एका अक्षरात निकालात काढणारी दुसरी भाषा मला तरी ठाऊक नाही. त्याची एक व्युत्पत्ती सांगतात: ब्राह्मी लिपीपासून देवनागरीपर्यंत सगळी अक्षरं बदलत गेली, ढ तेवढा होता तिथंच राहिला, म्हणून जो वर्षानुवर्षं त्याच वर्गात बसतो तो ढ. ब्राह्मीतला ढ आजच्यासारखाच दिसतो हे खरं. पण अशोकाच्या शिलालेखातलं अक्षर ओळखणारा माणूस वर्गातल्या मागच्या बाकावर बसलेला नसतो. ही व्युत्पत्ती नंतर कुणा हुशार गुरुजींनी रचली असावी. ढोर, ढेकूळ, ढब्बू, ढिम्म या शब्दांत जो जडपणा आहे तोच ढ मध्ये असेल, एवढं साधं उत्तर मला पुरतं.

‘नापास’ची घडण तर विलक्षण. ना फारसीचा, पास इंग्रजीचा. दोन्ही राज्यकर्त्यांनी मिळून मराठी पोराचा निकाल लावला. २०१० मध्ये शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला वर्गात मागं ठेवायचं नाही असं ठरलं, तेव्हा या शब्दाचा दरारा बराच उतरला. आणि त्याच सुमाराला लातूर-नांदेडात त्याच्याच एका भावाचं नशीब उघडलं. तो म्हणजे रिपीटर. लातूरच्या शाहू महाविद्यालयातून ‘लातूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर झालं. ज्यांचं नाव त्याच्याशी जोडलं जातं ते प्राचार्य जनार्दन वाघमारे १९९४ मध्ये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पुढं वैद्यकीय प्रवेशासाठी नीटची परीक्षा आली आणि दोन्ही शहरांत क्लासेसच्या, मेसच्या, वसतिगृहांच्या गल्ल्या उभ्या राहिल्या. तिथं बारावी होऊनही पुन्हा एक वर्ष परीक्षेला बसणारा तो रिपीटर. कोट्याला त्याला ड्रॉपर म्हणतात. पूर्वी पुन्हा त्याच वर्गात बसणं म्हणजे तोंड लपवणं होतं; आता ‘रिपीटर बॅच’चे फलक चौकात लागतात आणि बाप पाहुण्यांना सांगतो, ‘ह्या वर्षी रिपीट करूलालाय.’ शब्दाची अब्रू अशी दहा-पंधरा वर्षांत फिरू शकते, पालक फी भरायला तयार असले म्हणजे झालं.

जातीवरून मारलेल्या हाका मात्र फॅशनीसारख्या आपोआप जात नाहीत. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत मराठवाड्यानं काय सोसलं हे नांदेड-लातूरकडच्या माणसाला सांगायला नको. समाजाचं नाव शिवी म्हणून वापरण्याची खोड मैदानावर मोठ्यांच्या घरातून आलेली असते, त्यामुळं तिला मैदानाचे नियम लागू नाहीत. ती घरातच मोडावी लागते. जुने शब्द सगळेच जपावेत असं म्हणणाऱ्यांनी या हाका एकदा आठवून बघाव्यात.

मैदानानं घडवलेल्या शब्दांत मला सगळ्यात भला वाटतो तो लिंबू. पोरांच्या डावात कुणाचा तरी धाकटा भाऊ मध्ये लुडबुडतो. ‘ह्याला बी घ्या’ असं बजावून आईनं पाठवलेलं असतं. घेतलं नाही तर रडतो, घेतलं तर डाव बिघडतो. मग ठरतं, हा कच्चं लिंबू. म्हणजे तो पळेल, लपेल, ओरडेल. पण बाद झाला तरी बाद नाही आणि राज्य त्याच्यावर येणार नाही. याच अडचणीवर शेजारच्या भाषांनी काय तोडगा काढला बघा. तेलुगूत अशा पोराला म्हणतात ‘आटलो अरटिपंडु’, खेळातलं केळं. बंगालीत तो दूधभात. कन्नडात ‘आटक्कुंटु, लेक्कक्किल्ल’: खेळात आहे, हिशेबात नाही. देगलूरच्या अलीकडं लिंबू आणि पलीकडं केळं. उदगीरच्या पलीकडं फळ नाहीच, थेट नियमच सांगून मोकळे. लिंबू कच्चं का, केळंच का, याचं उत्तर शोधण्यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं की प्रत्येक भाषेतल्या पोरांना, कुणीही न शिकवता, लहानग्याला डावात सामावून घेण्यासाठी एक शब्द करावासा वाटला.

२०२० मध्ये पब्जीवर बंदी आली, २०२१ मध्ये तो खेळ नवं नाव घेऊन परतला. त्या पडद्यावरच्या डावालाही आपले शब्द आहेत. नवख्या, ढिल्या खेळणाऱ्याला तिथं नूब म्हणतात, त्याहून वाईट खेळला तर बॉट. बॉट म्हणजे माणूसच नाही, यंत्रानं चालवलेलं बाहुलं. लिंबू आणि नूब दोघंही कच्चेच. पण लिंबू ठरला की पोराला डावात जागा मिळते, नूब ठरला की त्याला गटातून काढतात. पडद्यावर नियम कंपनीनं आधीच लिहिलेले असतात, पोरांना ते भांडून ठरवावे लागत नाहीत; त्यामुळं तिथं त्यांच्या वाट्याला रुबाबाचे शब्द तेवढे उरतात. ते भराभर येतात, भराभर जातात, आणि आपण म्हणतो, काय ही आजकालची भाषा. भाषा तशीच आहे. नियम करण्याचं काम पोरांच्या हातून गेलंय. मोकळं पटांगण असलेल्या झेडपीच्या शाळेत मधल्या सुट्टीला उभं राहिलं तर ते काम अजून चालू असलेलं ऐकू येतं. क्रिकेटमध्ये वन टप्पा औट, भिंतीपलीकडं गेला तर मारणारा औट आणि बॉलही त्यानंच आणायचा, गडी विषम असले तर एकानं दोन्हीकडून खेळायचं. हे कुठल्याही नियमपुस्तकात नाही. गल्लीची रुंदी, भिंतीची उंची आणि भिंतीपलीकडच्या काकूंचा स्वभाव बघून ते तिथल्या तिथं घडलेलं असतं.

म्हणून शब्द गोळा करायचे असतील तर ते याच जातीचे करावेत. भारी, कडक, हार्ड यांची नोंद रील्स ठेवतील. देगलूर, मुखेड, औसा, जळकोट, कुठल्याही शाळेत सहावीच्या पोरांना एक वही द्यावी आणि चौथीच्या पोरांकडं पाठवावं. राज्य घेण्याला काय म्हणता, मध्येच थांबायचं असेल तर काय ओरडता, लहानग्याला काय म्हणता, दांडूनं मोजता का आणि मोजताना सहाव्या ठिकाणी काय येतं. तांड्यावरून येणारी पोरं घरी काय म्हणतात, उर्दू शाळेतली काय म्हणतात, तेही लिहावं. गुरुजींनी वही तपासू नये, शुद्धलेखन सुधारू नये आणि आपल्या लहानपणीचा एकही शब्द त्यात घालू नये. मोठ्यांनी सुचवलेला शब्द मैदानावर बादच.